सलोमीताईच्या लग्नातली दुभाषी

“काल पहाटे देव माझ्याशी बोलला,” चहा गाळता गाळता आई म्हणाली. “कोल्हापूरचं स्थळ घ्यायचं.”

पप्पांनी वर्तमानपत्र खाली केलं. “मार्था, मलाही पहाटेच सांगितलं. दबोरानं बी.एड. करायचं.”

“किती वाजता?”

“साडेचार झाले असतील.”

“मग माझ्यानंतर. मी चारला उठले होते.”

“नंतर आलेला आदेश धरायचा असतो,” पप्पा म्हणाले. ते मिशनच्या शाळेत हेडमास्तर होते. परिपत्रकांशी त्यांचा रोजचा संबंध.

रूथआत्या, म्हणजे पप्पांची थोरली बहीण, तोवर बशीतून चहा पीत होती. चाळीस वर्षं नर्स होती ती. बशी खाली ठेवून म्हणाली, “दोघांनी अर्धवट ऐकलंत. पोरीनं नर्सिंग करायचं. मला तीनदा सांगितलंय.”

मी तिघांकडे आळीपाळीनं बघत होते. बावीस वर्षांची होते, बी.ए.ची परीक्षा नुकतीच संपली होती. सन १९८७, मे महिना. नगर जिल्ह्यातल्या आमच्या लहानशा गावात त्या घरात देव सगळ्यांशी बोलत होता, माझ्याशी तेवढा बोलत नव्हता.

ही माणसं ढोंगी होती असं मात्र कुणी समजू नये. आई खरोखर रोज चारला उठायची, गार फरशीवर गुडघे टेकायची आणि गावातल्या निम्म्या लोकांची नावं घेऊन प्रार्थना करायची. पप्पा माझं नाव घेताना आवंढा गिळायचे, ते मी दाराआडून ऐकलं होतं. म्हणून तर पंचाईत होती. खोटं बोलणाऱ्याला नाही म्हणता येतं. प्रार्थना करून उठलेल्या माणसाला काय म्हणणार?

मीही प्रयत्न केले. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, एकानं लोकर अंगणात ठेवून देवाकडे खूण मागितली होती. आमच्याकडे लोकर नव्हती, म्हणून मी टॉवेल ठेवला. सकाळी तो दवानं ओला असला तर कोल्हापूर, कोरडा असला तर बी.एड. सकाळी जाऊन बघते तर टॉवेलच नाही! रूथआत्या त्यानं अंग पुसून बाहेर आली होती. टॉवेल ओला होता हे खरं, पण ती ओल हिशेबात धरायची की नाही, ते मला ठरवता येईना. मग डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडलं आणि बोट ठेवलं. घराच्या भिंतीवर बुरशीचे डाग दिसले तर काय करावं, ते निघालं. आमच्या मोरीच्या भिंतीला तसे डाग होतेही. पप्पांनी दुसऱ्याच दिवशी चुना लावून घेतला. माझा प्रश्न होता तिथंच राहिला.

शेवटी मी पाळकसाहेबांकडे गेले. पाळक वैरागर अंगणात सायकल उलटी करून पंक्चर काढत बसले होते.

“सलाम, पाळकसाहेब.”

“सलाम. तो पॉलिश पेपर दे जरा.”

मी दिला. “देवाची इच्छा कशी ओळखायची?”

“कशाबाबत?”

“लग्न, बी.एड. किंवा नर्सिंग.”

त्यांनी ट्यूब पाण्यात बुडवली आणि बुडबुडे शोधू लागले. “धीर धर. मार्ग दाखवील तो.”

“पण कधी? कोल्हापूरची माणसं शनिवारी येतायत.”

पाळकसाहेब असे हसले की ट्यूब हातातून सुटली. “देवाला शनिवारची मुदत घातलीस होय? वा!” मग डोळे पुसत म्हणाले, “बरं झालं तू आलीस. शनिवारी तुझं एक काम आहे. सलोमीचं लग्न लावायचंय. वचनं मी विचारीन, पण तिला ती समजावून कोण सांगणार? तिची भाषा तुझ्याशिवाय येते कुणाला?”

ते खरंच होतं.

सलोमी उजागरे माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. तीन वर्षांची असताना तापात तिचे कान गेले, आणि कानांबरोबर बोलणंही. आईवडील वारल्यावर ती भावाकडे, प्रभाकरदादांकडे राहायची. दादा दवाखान्यात कंपाउंडर होते. सलोमीताई शिवणकाम करायची. गायकवृंदाचे झगे, संडे स्कूलच्या मुलींचे फ्रॉक, चर्चच्या अख्ख्या मंडळीतल्या बायकांचे ब्लाउज तिच्या हातचे. मी आठ वर्षांची असताना एका रविवारी आईनं मला चुळबुळ करते म्हणून उचलून तिच्या शेजारी नेऊन बसवलं, आणि त्या दिवसापासून आमची भाषा सुरू झाली. वर बोट केलं की देव. गळ्याभोवती हात फिरवला की पाळकसाहेब. कमरेवर दोन्ही हात ठेवले की माझी आई. बाटली हलवली की प्रभाकरदादा. आणि प्रार्थना लांबली की आम्ही दोघी कणीक ताणल्यासारखे हात लांब लांब करायचो आणि हसू दाबायचो. चौदा वर्षं मी तिला प्रवचनं सांगितली, गावगप्पा सांगितल्या, कुणाचं बारसं नि कुणाचं मरण तेही सांगितलं.

लग्नाची बातमीही मीच सांगितली होती. बोटात अंगठी, डोक्यावर जाळी, आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग फिरवणारा माणूस. नवरदेव बार्णबा रणभिसे, बार्शीचा, एस.टी.त ड्रायव्हर, विधुर. मूलबाळ नव्हतं. स्टिअरिंग बघून सलोमीताई हसली होती. ते हसू मी घरी जाऊन सांगितलं, आईनं प्रभाकरदादांच्या बायकोला सांगितलं, आणि “सलोमी खूश आहे” असं अख्ख्या मंडळीत झालं. दोघांची भेट एकदाच झाली होती, दादांच्या बैठकीत, आठ माणसांच्या मध्ये. बार्णबा सगळा वेळ बशीतल्या बिस्किटाकडे बघत होता.

शुक्रवारी मी तिच्याकडे गेले तेव्हा ती स्वतःच्याच ब्लाउजला हुक लावत होती. मी विचारांच्या गुंत्यात होते. माझं सगळं गाऱ्हाणं तिला हातवारे करून सांगितलं: आई, पप्पा, आत्या, कोल्हापूर. तिनं सुई दातात धरून सगळं ऐकलं, म्हणजे पाहिलं, आणि माझ्या डोक्यावर एक टपली मारली. पुढं मी तिला उद्या कसं उभं राहायचं, अंगठी कुठल्या बोटात घालायची, ते सांगितलं आणि निघाले.

शनिवारी देऊळ, म्हणजे आमचं चर्च, भरून गेलं. पंखे गरम हवा ढकलत होते. कोल्हापूरची मंडळी दुसऱ्या बाकावर बसली होती. आईनं ती जागा मुद्दाम धरून ठेवली होती, कारण मला वेदीजवळ उभं राहायचं होतं आणि तिथून मी पूर्ण दिसणार होते. होणाऱ्या सासूबाईंनी जांभळी साडी नेसली होती. त्यांच्या शेजारी आशेर, म्हणजे मुलगा, बँकेत कारकून, टाय सैल करत बसला होता.

पांढऱ्या साडीतली सलोमीताई देखणी दिसत होती. बार्णबाचा कोट मागून त्याच्या मापाचा वाटत होता, पुढून नव्हता. पाळकसाहेबांनी आधी त्याला विचारलं. ही सलोमी तुझी पत्नी म्हणून तुला मान्य आहे काय, सुखात आणि दुःखात तिला जपशील काय? बार्णबा बुटांकडे बघत म्हणाला, “होय.”

मग पाळकसाहेब सलोमीताईकडे वळले आणि तोच प्रश्न दुप्पट मोठ्यानं विचारला, जणू आवाज चढवला की तिला ऐकू येणार होतं.

आता माझी पाळी. मी बार्णबाकडे बोट केलं. तिच्याकडे केलं. अंगठी दाखवली, घर दाखवलं. आणि तिथं माझे हात थांबले.

हा माणूस, तू, अंगठी, घर. हे झालं सांगणं. तिला तर विचारायचं होतं. आणि चौदा वर्षांत आम्ही केलेल्या शेकडो खुणांमध्ये ‘तुला हवंय का?’ याची खूणच नव्हती. मी तिला कायम सांगतच आले होते. तिला कधी कुणी काही विचारलंच नव्हतं, मीही नाही.

मागे कुणीतरी खोकलं. मी घाईघाईनं दोन्ही तळवे तिच्यापुढे उघडे धरले, रिकामे, भुवया वर केल्या, आणि तिच्या छातीकडे बोट केलं. तुला? काय? तूच सांग.

सलोमीताईनं माझ्याकडे पाहिलं. इतका वेळ तिनं मला कधीच न्याहाळलं नव्हतं. मग ती बार्णबाकडे बघू लागली, नंतर भावाकडे. आणि तिनं उजवा हात उचलला, छातीपुढे धरला, तळवा समोर करून. ठाम.

आमच्या भाषेत त्या हाताचा अर्थ एकच होता. आणखी चहा नको. आणखी भात नको. नको.

“होय म्हणाली ना?” पाळकसाहेबांनी पुस्तकातून डोकं वर न काढता विचारलं.



“होय म्हणाली, होय म्हणाली,” पहिल्या बाकावरून प्रभाकरदादा म्हणाले. “पुढं चला, साहेब.”

दुसऱ्या बाकावरून आई डोळ्यांनी मला सांगत होती, काय असेल ते आटप. जांभळी साडी पुढं वाकून बघत होती. मी मान डोलावली असती तर झालं असतं. त्या देवळात माझं खोटं पकडणारं कुणी नव्हतं.

“नाही, पाळकसाहेब,” मी म्हटलं. “ती नको म्हणतेय.”

मग जो गलका झाला! प्रभाकरदादा उठून उभे राहिले. “दबोरा, शुद्धीवर आहेस का तू? सात वर्षं मी प्रार्थना केलीय हिच्यासाठी. सात वर्षं! माझ्यामागं हिचं कोण आहे? देवानं दार उघडलं, आणि तू...” त्यांचा आवाज फाटला आणि ते खाली बसले. ते वाईट असते तर मला सोपं गेलं असतं. दर नाताळला बहिणीला आधी साडी आणि मग बायकोला, असा माणूस तो.

तेवढ्यात बार्णबानं पहिल्यांदाच मान वर केली. त्यानं सलोमीताईकडे पाहिलं. तिचा हात अजून तसाच वर होता. त्यानंही आपला हात तसाच वर केला, तळवा तिच्याकडे करून, आणि पाळकसाहेबांना म्हणाला, “थांबा, साहेब. बाई हात दाखवतायत. गाडी पुढं न्यायची नाही.”

दोघंतिघं हसले. पाळकसाहेब हसले नाहीत. त्यांनी पुस्तक मिटलं.

“आज लग्न होणार नाही,” ते म्हणाले. “पण जेवण तयार आहे, आणि देवानं दिलेलं अन्न वाया घालवायचं नसतं. सगळ्यांनी बसायचं.”

तसं जेवण मी पुन्हा कधी पाहिलं नाही. कुणी कुणाशी बोलेना, पण पुलाव उत्तम झाला होता, त्यामुळं सगळे वाढून घेत होते. नवरदेव स्वतः पाण्याचे ग्लास भरत फिरत होता. कोल्हापूरच्या बाई आईला म्हणाल्या, “मुलगी भर देवळात बोलते हो तुमची,” आणि हात धुवायला गेल्या. त्यांची पाठ वळल्याबरोबर आशेर माझ्याजवळ सरकला.

“एक सांगू? मलाही कुणी विचारलेलं नाही. मला अजून दोन वर्षं तरी लग्न करायचं नाहीये. आईला बोलू नका.”

“नाही बोलणार.”

“पण तुम्ही भारी केलंत,” असं म्हणून तो आणखी पुलाव घ्यायला गेला. कोल्हापूरहून पुन्हा पत्र आलं नाही.

घरी जाताना आम्ही चौघं रस्त्यानं ओळीनं चाललो होतो. पप्पा माझ्या बरोबरीनं चालू लागले आणि म्हणाले, “दबोरा, तुला काय हवंय गं?”

बावीस वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा आला होता.

“ठाऊक नाही, पप्पा. पण मी चौदा वर्षं तिच्या शेजारी बसले. तिला काय वाटतं हे विचारायला माझ्याकडे साधी खूण नव्हती.” आणि मग मी रस्त्यातच रडायला लागले. देवळात आलं नव्हतं ते रडू तिथं आलं.

पप्पा नुसते उभे राहिले. मागून आई आली. ती रागात होती; कोल्हापूर गेलं होतं, चार बायकांत मान गेली होती.

“मग शीक ना कुठंतरी,” ती फणकाऱ्यानं म्हणाली. “रडतेस काय? ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवायचं असतं, त्याचं वेगळं शिक्षण असतं पुण्याला. महिला मंडळात त्या बाई येऊन सांगून गेल्या होत्या.”

पप्पांनी चकित होऊन विचारलं, “हे तुला देवानं सांगितलं?”

“नाही,” आई म्हणाली. “हे मी सांगतेय.”

जूनमध्ये मी पुण्याला गेले. पस्तीस वर्षं ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवलं, आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्या कामाचा एक दिवसही मला परका वाटला नाही.

प्रभाकरदादा वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. आणि बार्णबा? तो दर दुसऱ्या रविवारी बार्शीहून यायचा, सलोमीताईच्या मागे दोन बाक सोडून बसायचा, उपासना संपली की तिच्या मशीनला तेल घालून द्यायचा आणि परत जायचा. सुट्टीत मी आले की मला एकेक खूण विचारायचा. वहीत चित्रं काढून घ्यायचा. सन १९८९च्या जानेवारीत पाळकसाहेबांनी पुन्हा त्यांचं लग्न लावलं. मी पुन्हा दुभाषी. या वेळी विचारायची खूण मला येत होती. सलोमीताईनं मान एवढ्या जोरात हलवली की डोक्यावरची जाळी खाली आली.

त्यांना दोन मुली झाल्या. पुढं बार्णबाभाऊंची पुण्याला बदली झाली, आणि सलोमीताई आमच्याच शाळेत शिवण शिकवू लागली. तिथल्या मुलींकडून तिनं खुणांची खरी भाषा अशी उचलली की दोन वर्षांत मलाच तिच्या वेगापुढं धाप लागायला लागली.

मी मात्र तिच्या त्या नकाराची गोष्ट जन्मभर सांगत राहिले. तरुण संघाच्या शिबिरांत, महिला मंडळांत, कुठं कुठं. मुली विचारायच्या, बाई, देवाची इच्छा कशी ओळखायची? मी सांगायचे: एक बाई भर देवळात नाही म्हणाली, आणि तिच्या त्या ‘नाही’तून मला माझा मार्ग दिसला. देव असाही बोलतो. मुलींचे डोळे भरून यायचे. माझेही.

त्यांच्या लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. बार्णबाभाऊ कांदा चिरत होते. त्यांची धाकटी मुलगी मला म्हणाली, “मावशी, शिबिरातली ती गोष्ट सांग ना, आई नाही म्हणाली ती.” मी तोंडानं आणि हातांनी, दोन्हीनं सांगायला लागले. सलोमीताई बघत होती. मी त्या वर केलेल्या हातापर्यंत आले आणि तिनं माझं मनगट धरलं.

तिचे हात बोलू लागले. “मी नाही कधी म्हणाले?”

“म्हणजे? हात असा नव्हता केलास?”

“केला होता. ‘थांबा’ म्हणत होते मी. त्याचं तोंड मी तोवर धड पाहिलं नव्हतं. आधी बिस्किटाकडे, मग बुटांकडे. तुम्ही सगळे घाईत होतात. मला त्याच्याकडे नीट बघायचं होतं.” तिनं मान बार्णबाभाऊंकडे वळवली. “यांना बरोबर कळलं होतं.”

बार्णबाभाऊ सुरी खाली ठेवून ओशाळल्यासारखे हसले. “मला वाटलं, दबोराताई, तुम्हालाही तेच म्हणायचंय.”

शिबिरांमधले ते सगळे चेहरे डोळ्यांपुढून गेले. “मग मी चुकीचं सांगितलं? सगळ्या देवळापुढं?”

“हो,” सलोमीताई म्हणाली.

“मला तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“काय सांगितलंस तू, हे मला कुठं ऐकू आलं? लग्न थांबलं एवढं दिसलं. थांबा म्हटलं, थांबले, असं वाटलं मला.”

मी खुर्चीत मागे टेकले. माझा चेहरा बघून तिला हसू फुटलं. तिचं ते खांदे हलवत हसणं. मग तिनं पुढं वाकून, मी नीट बघावं म्हणून, सावकाश सांगितलं.

“तू बरोबर सांगितलं असतंस ना, तर पाळकसाहेब पाच मिनिटं थांबले असते. आणि मग लग्न लावलं असतं.”

बार्णबाभाऊ पुन्हा कांदा चिरू लागले. मुलगी माझ्याकडे बघत होती, मी गोष्ट पुढं सांगेन म्हणून.

ती गोष्ट मी अजूनही शिबिरांत सांगते, पण आता खरी सांगते, आणि मुली रडायच्या ऐवजी हसतात. माझ्या त्या चुकीबद्दल देवाचे आभार मानावेत की क्षमा मागावी, हे बरेच दिवस मला ठरवता येत नव्हतं. हल्ली दोन्ही करते. क्षमा आधी मागते.